भाऊ दाजी लाड

रामकृष्ण (काही ठिकाणी रामचंद्र) विठ्ठल लाड ऊर्फ डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२ – मे १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामवंत वैद्यक, पुराविद्यातज्ज्ञ आणि समाजधुरीण होते. भायखळ्याचे सार्वजनिक वनस्पती उद्यान, म्हणजेच आजची राणीची बाग, आणि तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय यांच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता.

पूर्वायुष्य

भाऊंचा जन्म गोव्यातील मांद्रे येथे एका गरीब गौड सारस्वत कुटुंबात झाला. त्यांचे वडील मातीच्या बाहुल्या विकून चरितार्थ चालवीत, असे सांगितले जाते. बुद्धिबळातील भाऊंची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांना इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला, अशीही आख्यायिका आहे. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिकत असता कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या रूढीवर लिहिलेल्या निबंधासाठी त्यांना पारितोषिक मिळाले. पुढे १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत ते होते. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले आणि छायाचित्रकार म्हणूनही नावाजले गेले. दोघा बंधूंनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

सार्वजनिक कार्य

१८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांची गणना होते. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. १८६२ च्या गाजलेल्या महाराज अब्रुनुकसानी खटल्यात त्यांनी संपादक करसनदास मूळजी यांच्या बाजूने वैद्यकीय साक्ष दिली. धर्मगुरूच्या आजारासंबंधी न्यायालयात उघड बोलणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १८६९ व १८७१ या वर्षी ते मुंबईचे शेरीफ झाले.

संग्रहालय आणि बाग

लंडनमधील १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर मुंबईतही एक वस्तुसंग्रह उभा राहिला होता. तो कोटातील लष्करी बराकीत ठेवला होता. १८५७ च्या उठावाच्या काळात लष्कराला ती जागा हवी झाली आणि घाईघाईने हलविताना बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. संग्रहाची जबाबदारी नंतर डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे आली. शहराला कायमचे संग्रहालय आणि त्याला जोडून बाग असावी, या हेतूने जी समिती बनली तिचे अध्यक्षपद जगन्नाथ शंकरशेट यांच्याकडे होते, तर भाऊ व बर्डवुड हे तिचे चिटणीस होते. सर्व जातिधर्मांच्या धनिकांकडून वर्गणी गोळा करणे हे त्यांचे मुख्य काम. भाऊंचा दवाखाना आणि त्यांची ओळख दोन्ही येथे उपयोगी पडली असावीत.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसविली आणि लेडी फ्रियर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स खुली झाली. बाग फुलली, इमारत मात्र रखडली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेला पैसा १८६५ मध्ये एकाएकी आटला आणि मुंबईतील पेढ्या कोसळल्या. देणगीदार हवालदिल झाले. शेअरच्या त्या वादळात खुद्द भाऊंचेही मोठे नुकसान झाले. शेवटी सरकारी मदतीने बांधकाम पुरे होऊन २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले.

या बागेत झाडांइतकीच शिल्पेही पाहण्याजोगी आहेत. प्रवेशाजवळ डेव्हिड ससून यांच्या स्मरणार्थ बांधलेला घड्याळाचा मनोरा आहे. ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तो दगडी हत्तीही येथेच आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात फुटला आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे जोडून येथे उभा करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर शहरातील चौकांतून हटविलेले कॉर्नवॉलिस, वेलस्ली आदींचे पुतळे याच आवारात आणले गेले. १९६५ मध्ये त्यांत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे सुप्रसिद्ध काळा घोडा, येऊन पोहोचला. त्याच्या मूळ जागेला मात्र लोक अद्याप काळा घोडाच म्हणतात.

संशोधन

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत भाऊंनी अजिंठ्याचे लेख, जुनागढचा रुद्रदामनाचा शिलालेख, कालिदासाचा काळ, आर्यभट व वराहमिहिर अशा विषयांवर निबंध वाचले. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनीच मुंबईस बोलावून घेतले आणि ठिकठिकाणी ठसे घेण्यास पाठविले. भगवानलाल पुढे स्वतः थोर पुराविद म्हणून मान्य झाले.

कुष्ठरोगावरील उपचार हा त्यांच्या कार्यातील सर्वांत वादग्रस्त भाग होय. कवठीच्या (कडू कवठ) बियांच्या तेलाचा ते वापर करीत, पण पुरेशी खात्री पटेपर्यंत औषध जाहीर करण्यास त्यांनी नकार दिला. त्यावर टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही, कारण सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. याच कुळातील झाडांचे तेल विसाव्या शतकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर या रोगावर वापरले जात होते.

मृत्यू आणि नामकरण

अखेरचा काळ आजारपणात काढून मे १८७४ मध्ये भाऊंचे निधन झाले. त्या वेळी भगवानलाल नेपाळच्या दौऱ्यावर होते. भाऊंचे विखुरलेले लेख १८८८ मध्ये कलकत्त्यास एकत्रित छापले गेले. बागेला पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाला १ नोव्हेंबर १९७५ रोजी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. दीर्घ जीर्णोद्धारानंतर ते जानेवारी २००८ मध्ये पुन्हा खुले झाले. मुंबईतील कारागीर, पोशाख आणि व्यवसाय दाखविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती हे त्याचे एक प्रमुख आकर्षण आहे.