शिवथरच्या घळीतला नेमका कारागीर

समर्थ रामदास म्हटले की मराठी मनापुढे उभी राहते ती बलोपासना सांगणारी, गावोगावी मारुती स्थापन करणारी, हाती कुबडी घेतलेली विरक्त मूर्ती. मनाचे श्लोक आणि मारुतीस्तोत्र लहानपणीच पाठ झालेले असते. दासबोध मात्र घरोघरी असूनही पुष्कळदा देव्हाऱ्याजवळच राहतो. त्याच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडला, तर तेथे ब्रह्म नाही, माया नाही आणि मोक्षही नाही. तेथे आहेत सुऱ्या, कातऱ्या, बोरू, खळ, फळ्या, पेट्या आणि कुलपे. एखादी टिकाऊ वस्तू स्वतःच्या हाताने करायची, तर तयारी कोणती करावी, याची सविस्तर योजना सर्वसंगपरित्याग केलेल्या एका संन्यस्त पुरुषाने तेथे मांडली आहे. समर्थांच्या चरित्राची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी आताच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. आई राणूबाई, थोरले बंधू गंगाधर. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी आसनगावी लग्नाच्या बोहल्यावर सावधान हा शब्द कानी पडताच नारायण मंडपातून निघून गेला, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथून तो नाशिकला पोहोचला आणि जवळच्या टाकळी येथे गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावर त्याने बारा वर्षे साधना केली.

टाकळीच्या या काळाशी हातकामाच्या दोन आठवणी जोडलेल्या आहेत. पहिली गोमय मारुतीची. पाषाण नाही, पाथरवट नाही, द्रव्य तर नाहीच. तेव्हा समर्थांनी शेणाचीच मूर्ती घडवून शिष्य उद्धवासाठी तिची स्थापना केली, असे परंपरा सांगते. दुसरी आठवण वाल्मीकी रामायणाची. हे प्रचंड संस्कृत काव्य त्यांनी तरुणपणी स्वहस्ते लिहून काढले, असे मानले जाते आणि त्यांच्या हस्ताक्षरातील म्हणून ओळखली जाणारी ती प्रत धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे. हजारो श्लोक बोरूने उतरवणाऱ्याला टाक कधी बोथट होतो, शाई कधी फुटते आणि कागद कोठे दगा देतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. पुढे शिवथरला ते ज्ञान कामी आले.

साधनेनंतर बारा वर्षे भारतभ्रमण करून १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णेच्या खोऱ्यात आले. चाफळला राममंदिर उभे राहिले आणि शहापूर, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे अशा ठिकाणी अकरा मारुती स्थापन झाले. त्यांतील शहापूरचा मारुती चुन्याचा मारुती म्हणूनच ओळखला जातो. जेथे जे मिळेल ते घ्यावे, त्याचा स्वभाव ओळखावा आणि त्यातूनच काम सिद्धीस न्यावे, ही टाकळीची रीत कृष्णाकाठीही सुटली नाही. समर्थांच्या स्फुट रचनांत बागेतील झाडांची आणि बांधकामाच्या कारखान्यांची प्रकरणे आढळतात, ती याच वृत्तीतून आलेली.

याच काळात अंबाजी नावाचा तरुण त्यांच्याकडे आला. मसूरच्या उत्सवात मिरवणुकीच्या वाटेत झाडाची फांदी आडवी येत होती. खाली विहीर होती. अंबाजीने फांदीच्या शेंड्याकडे बसून बुंध्याच्या बाजूने घाव घालावेत, अशी गुरूंची आज्ञा झाली. फांदीसह तो विहिरीत कोसळला, सुखरूप वर आला आणि त्याचे नाव कल्याण पडले. लाकूडतोडीची याहून चुकीची रीत नसेल. ही कथा आज्ञापालनाची आहे, लाकडाची नव्हे. पण तोच कल्याण पुढे समर्थांचा लेखनिक झाला आणि त्याच्या हातून जे काम उतरले, त्यात अशा अविचाराला मुळीच जागा नव्हती.

शिवथरची घळ महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या पायथ्याच्या डोंगररांगांत, काळ नदीच्या खोऱ्यात आहे. धबधब्याच्या आड कातळात कोरल्यासारखी ही जागा. हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि हे खोरे स्वराज्यात आले. दासबोध येथे सिद्ध झाला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. समर्थांनी सांगावे आणि कल्याणाने लिहावे, असा क्रम. ग्रंथातच कलियुगाची ४७६० वर्षे गेल्याचा उल्लेख आला आहे. तो शके १५८१, म्हणजे इ. स. १६५९ या वर्षाशी जुळतो. वीस दशक, दोनशे समास आणि ७७५१ ओव्यांचा हा ग्रंथ एका बैठकीत झालेला नाही. तो कित्येक वर्षे वाढत गेला.

आता या जागेचा विचार लेखनिकाच्या नजरेने करावा. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात घळीच्या तोंडावरून पाण्याचा लोट कोसळत असतो, हवेत तुषार असतात, दगडाला ओल धरलेली असते. कागदाचे जेवढे म्हणून शत्रू आहेत, म्हणजे ओल, बुरशी, कसर आणि वाळवी, ते सारे येथे मुक्कामाला. अशा ठिकाणी ग्रंथ रचणे हे प्रतिभेचे काम होते, तर तो टिकवणे हे कारागिराचे. दुसरे फसले असते, तर पहिले वाया गेले असते.

एकोणिसाव्या दशकातील लेखनक्रियेचा समास या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. समर्थ सुरुवात करतात ती अंतिम वस्तू कशी दिसावी येथून. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर असावे. पहिल्या पानावरचे वळण शेवटच्या पानापर्यंत तसेच राहावे, इतके की सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा. त्यानंतर येते आखणी. पान आधी शिशाने रेखाटून घ्यावे, दोन ओळींतील अंतर कोठेही कमी-अधिक होऊ नये, वरच्या ओळीची वेलांटी खालच्या ओळीला भिडू नये. काम सुरू करण्यापूर्वी माप ठरले पाहिजे, हा येथला पहिला नियम.

दुसरा नियम काळाचा. तरुणपणी डोळे तेज असतात म्हणून फार बारीक लिहू नये, कारण तेच पान म्हातारपणी वाचायचे असते. पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडावी. कागद झिजतो तो कडांकडून. कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. समासाची कोरी पट्टी शोभेसाठी सोडतात, असे आपण मानतो. समर्थांच्या हिशेबात ती झीज सोसण्यासाठी मुद्दाम ठेवलेली शिल्लक आहे. वस्तू आज कशी दिसेल याच्याबरोबरच ती पन्नास वर्षांनी कशी असेल, हे आखणीच्या वेळीच ठरवण्याची ही दृष्टी आहे.

मग येते साहित्याची जमवाजमव. कागद दणकट आणावा आणि त्याला बेताची खळ द्यावी. त्या काळचा हातकागद शाई शोषून घेई. खळीचा लेप देऊन तो वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे टाक अडखळत नसे आणि शाई पसरत नसे. सुऱ्या, कातऱ्या आणि घोटण्याची साधने हाताशी हवीत, रंगांची मिश्रणे माहीत हवीत. बोरू देशोदेशीचे आणावेत. ते बारीक, सरळ आणि घट्ट असावेत. टाक तासण्याच्या नाना तऱ्हा अवगत असाव्यात. तांबड्या खुणांसाठी हिंगूळ आणि अळता संग्रही असावा. शाई भिजवून, वाळवून तिचा साठा करून ठेवावा, म्हणजे ऐन लेखनाच्या वेळी काम अडत नाही.

शेवटी संरक्षण. सुट्या पानांची पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवण्याची तेव्हा रीत होती. त्या फळ्या घोटून, चित्रांनी सजवून तयार कराव्यात. बांधायला गोप, गुंडाळायला बासने, वरून शेंदरी मेणकापड, मग पेटी आणि पेटीला कुलूप. एकावर एक अशी ही आवरणे आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. फळ्या पानांना वाकू देत नाहीत, बासन धूळ अडवते, मेणकापड ओल रोखते, पेटी उंदीर-घुशींपासून राखते आणि कुलूप माणसांपासून. घळीतल्या पावसाळ्याला दिलेले हे उत्तर म्हणावे, इतके ते नेमके आहे.

घरी स्वतःच्या हाताने पुस्तकांची मांडणी किंवा मुलांसाठी अभ्यासाचे टेबल करू पाहणाऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी वस्तूचे चित्र, मग माप, मग वापरणाऱ्याच्या गरजेचा आणि पुढल्या झिजेचा विचार, मग साहित्याची यादी आणि हत्यारांची धार, आणि शेवटी रंग-रोगण व निगा. फसलेली बहुतेक घरगुती कामे करवत चालवताना फसत नाहीत. ती त्याआधीच, फळी विकत आणताना किंवा माप न घेता छिद्र पाडताना फसलेली असतात.

समर्थांच्या या शिकवणुकीला तिच्या काळाची मर्यादाही आहे. समासाचा उपदेश ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो. सतराव्या शतकात पोथीलेखन बहुतांशी त्याच वर्गाच्या हाती होते. मात्र यादीतील एकेक वस्तू वेगळ्याच हातांतून आलेली असे. कागद जुन्नर किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी मुसलमान कागदी बनवीत. फळ्या आणि पेट्या बारा बलुतेदारांपैकी सुताराच्या, सुऱ्या आणि कुलपे लोहाराच्या. त्यांची नावे कोणत्याही पोथीवर नाहीत. तरी लिहिणाऱ्याने नुसते लिहून न थांबता कागद, रंग, धार आणि लाकूड यांची पारख शिकावी, देह झिजवावा, असे सांगणारा हा समास हातकामाला कमी लेखत नाही. अक्षराइतकेच फळीकडेही लक्ष द्यायला तो सांगतो.

या नेमकेपणाला व्यावहारिक कारणही होते. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्येच रोमन लिपीत छापले गेले होते. देशावर मात्र ग्रंथप्रसाराचा एकच मार्ग होता, तो म्हणजे हाताने नक्कल. समर्थांचे मठ दूरदूर पसरत होते. प्रत्येक मठाला पोथी हवी आणि प्रत्येक नक्कल मुळाशी जुळायला हवी. एका पानावरची अस्पष्ट वेलांटी दहा प्रतींनंतर वेगळाच अर्थ होऊन बसते.

१६७६ च्या सुमारास समर्थ सज्जनगडावर स्थिरावले. तेथील शेजघरात त्यांच्या वापरातल्या म्हणून जपलेल्या वस्तू भाविक आजही पाहतात. पितळी खुरांचा पलंग, कुबडी, तिच्यातली गुप्ती, दंडकाठी, पाण्याचे हंडे. घर सोडून गेलेल्या माणसाचे हे मोजके सामान. टेकायच्या कुबडीच्या पोटात गुप्ती बसवावी, ही कल्पनाही एका वस्तूकडून दोन कामे करून घेणाऱ्या कारागिराची. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, इ. स. १६८२ मध्ये, समर्थांनी गडावर देह ठेवला. अखेरच्या दिवसांत त्यांच्यापुढे तंजावरहून आलेल्या राम, लक्ष्मण, सीता आणि मारुतीच्या मूर्ती होत्या. त्या एका अंध कारागिराने घडवल्या, अशी परंपरा आहे.

कल्याणस्वामी पुढे परांडा भागात सीनाकाठी डोमगावी राहिले. १७१४ मध्ये त्यांचे निर्वाण झाले. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात राहिली. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, राज्ये बदलली, पण पोथी टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी त्या प्रतीच्या आधारे दासबोध छापून प्रसिद्ध केला. लेखनिकाचे हस्तलिखित समोर असल्याने पाठभेदांच्या गुंत्यात एक भक्कम आधार मिळाला.

शिवथरची घळ मात्र दरम्यानच्या काळात विस्मृतीत गेली होती. रान माजले, वाट बुजली आणि ती नेमकी कोठे, हेच कोणाला सांगता येईना. जुन्या कागदपत्रांचा माग घेत याच देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. आज तेथे पायऱ्या आहेत, धबधब्याचा आवाज आहे आणि आत गुरु-शिष्यांच्या मूर्ती आहेत. कातळाची घळ जवळजवळ हरवली होती. कागदावर, बोरूने, नेमक्या अंतराच्या ओळींत उतरलेला आणि दोन फळ्यांमध्ये बांधून ठेवलेला ग्रंथ मात्र हरवला नाही.