सलीम अली आणि आमची तळी

दिवाळी सरली आणि सरद शेतांची मळणी आटोपली की करमळीच्या तळ्यावर उत्तरेचे पाहुणे उतरू लागतात. कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि शीळ घालीत उडणाऱ्या अडया या घरच्याच. त्यांच्यात आता टोकदार शेपटीची तलवार बदके आणि डोळ्यावर पांढरी रेघ मिरविणारी भुवई बदके येऊन मिसळतात. पहाटे बांधावर दुर्बिणी घेतलेली माणसे दिसू लागतात. शेजारून कोकण रेल्वेची गाडी धडधडत जाते, थवा उठतो, एक वळसा घेतो आणि पुन्हा पाण्यावर बसतो. याच दिवसांत, १२ नोव्हेंबरला, डॉ. सलीम अली यांची जयंती येते. चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरणाऱ्याला त्यांचे नाव अभयारण्याच्या पाटीवर रोज वाचावयास मिळते. परंतु पाटीवर चढलेल्या माणसाचे पुढे काय होते हे आपण जाणतोच. त्याचे नाव उरते, आणि तो कसा जगला, कोठे चुकला, हे कोणी विचारीत नाही.

सलीम अलींच्या बाबतीत ते विचारणे अगत्याचे आहे. पक्ष्यांवर माया करणारा एक दयाळू वृद्ध, असे जे चित्र शाळकरी पुस्तकांनी उभे केले आहे ते अपुरे आहे. या माणसाची सुरुवात बंदुकीने झाली. १८९६ साली मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी भाच्यांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक आली ती त्यांच्याच घरी.

त्या मुलाने चिमण्या मारल्या. पण त्यातील एका प्रसंगी त्याने जे केले ते इतर मुले करीत नाहीत. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणी अंड्यांवर बसली होती आणि नर बाहेर खुंटीवर पहारा देत होता. त्याने नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही मारला, तिसरा आला. सात दिवसांत आठ नर त्याच खुंटीवरून पडले, आणि त्याने तसे लिहून ठेवले. वय वर्षे नऊ-दहा. वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. परंतु एका पोराने आपल्या खोडीची तारीखवार नोंद ठेवावी, नर गेला की दुसरा कोठून येतो असा प्रश्न तिच्यात दडलेला असावा, हेही विसरता येत नाही. पुढे एक निराळीच चिमणी पडली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली. मामांच्या चिठ्ठीसह तो मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या रांगा दाखविल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राला त्या चिमणीच्या पडण्याचेच नाव आहे.

त्यानंतरची बरीच वर्षे चाचपडण्यात गेली. ब्रह्मदेशात तवॉयला कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता; तेथे ते गेले आणि धंद्यापेक्षा रानातच अधिक रमले. परत येऊन मुंबईत व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले, सेंट झेवियर्समधील फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्राकडे वळले. विद्यापीठाची पदवी मात्र अखेरपर्यंत पदरी पडली नाही. तिच्याअभावी सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, येणाऱ्याजाणाऱ्यांना पेंढा भरलेले प्राणी समजावून सांगण्याची, नोकरी लागली. ती ठोकळेबाज वाटली म्हणून रजा काढून ते बर्लिनला गेले. तेथे एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली आणि हेल्गोलँड बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्रात, पक्ष्याच्या पायात कडे कसे घालावे इथपासून ते शास्त्र शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी नोकरीच रद्द झालेली.

१९३० हे साल आपल्या पिढ्यांना निराळ्या कारणाने पाठ आहे. त्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर मिठाच्या सत्याग्रहाची धुरा ज्यांनी उचलली आणि थोड्याच दिवसांत जे स्वतः तुरुंगात गेले ते शहात्तर वर्षांचे अब्बास तय्यबजी, बडोदा संस्थानचे एके काळचे मुख्य न्यायाधीश, हे सलीम अलींच्या मामांपैकीच. आणि त्याच वर्षाच्या पावसाळ्यात बेकार भाचा अलिबागजवळ किहीमला एका झाडाशेजारी आडोसा करून सुगरणीची घरटी पाहत बसला होता! राष्ट्र पेटलेले असताना हा काय उद्योग, असे तेव्हा कोणाच्या मनात आले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. आमच्याही मनात ते येते. उत्तर एवढेच, की त्या बैठकीतून जे निघाले ते त्याआधी कोणी नीट पाहिलेले नव्हते.

आपल्या भाषेने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आणि कवींनी घरट्याचे सारे श्रेय मादीला वाहिले. प्रत्यक्षात विणकर आहे तो नर. तो घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरतात, ओढून-ताणून पाहतात. नापसंत झाले की निघून जातात. एखादीने पसंत केले म्हणजे तो उरलेले विणतो, ती अंडी घालते, आणि हा गृहस्थ लगेच शेजारी दुसरे घरटे आरंभून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. पसंती तिची, कारागिरी त्याची, आणि संसार एकामागून एक. ही सारी हकीकत १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. तिच्यामागे ना प्रयोगशाळा होती ना पगार; होती ती फक्त वही आणि बसण्याची चिकाटी.

पुढील काळ संस्थानांचा. सलीम अलींनी दरबारांपुढे एक सरळ सौदा ठेवला : प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तुम्ही करा, मी वेतनाशिवाय तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, मग इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ. तंबू, बैलगाडी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात कातडी भरण्याचे काम. पत्नी तेहमिना या विलायतेत शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. पण त्या या रानोमाळ हिंडण्यात सोबत राहिल्या आणि नवऱ्याच्या इंग्रजीची घडीही त्यांनीच नीट बसवून दिली असे म्हणतात. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली बहिणीच्या बिऱ्हाडी राहावयास गेले ते कायमचे. दोनच वर्षांनी त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे चित्रमय पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली आली. देहरादूनच्या तुरुंगातून नेहरूंनी तेच पुस्तक आपल्या मुलीला पाठविले होते. तुरुंगाच्या भिंतीवर बसणारा पक्षी ओळखीचा झाला तर दिवस किती हलका होतो, हे ज्यांनी तुरुंग पाहिला त्यांना सांगावयास नको.

यश, मानमरातब, पद्मविभूषण, राज्यसभा, डिलन रिप्ले यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा महाग्रंथ हे सर्व पुढे यथाक्रम आले. १९७६ चे लाखभर डॉलरचे गेटी पारितोषिक त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीलाच देऊन टाकले. त्याच वर्षी, रॉबर्ट ग्रब यांच्यासमवेत लिहिलेला, गोव्यातील पक्ष्यांवरचा त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात आला. आमच्या पक्ष्यांची आधुनिक खानेसुमारी ज्याच्यापासून सुरू होते तो हा लेख गोव्यातील किती ग्रंथालयांत मिळेल, कोण जाणे.

भरतपूरपाशी मात्र थांबले पाहिजे, कारण आपल्याला शिकण्यासारखे जे आहे ते तेथे आहे. भरतपूरचा केवलादेव घना हे नैसर्गिक सरोवर नव्हे. अठराव्या शतकात जाट राजांनी घातलेल्या अजान बांधाच्या पाण्यावर ती दलदल उभी राहिली आणि पुढे राजाने तिला बदकांच्या शिकारीचे मैदान केले. तेथील शिळेवर शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा १२ नोव्हेंबर १९३८ चा : व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. सलीम अलींना त्या दिवशी बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. स्वातंत्र्यानंतर पाणी काढून ती जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली तेव्हा त्यांनी नेहरूंकडे शब्द टाकला आणि दलदल वाचली. १९६० च्या सुमारापासून तेथे पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम त्यांनी चालविले. त्याला जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा होता. कारण कर्नाटकात १९५७ साली आढळलेला माकडताप स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून आला असावा, असा संशय होता. तो संशय सिद्ध झाला नाही. (माकडताप मात्र पुढे सत्तरीत आणि दोडामार्गात येऊन पोहोचला, आणि त्यासाठी त्याला पक्ष्यांचे पंख लागले नाहीत.) कडी घातलेली बदके सैबेरियात सापडली आणि थंडीचे पाहुणे कोठून येतात याचे अनुमान जाऊन पुरावा आला.

आणि तेथेच सलीम अली चुकले. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या दलदलीत चरत. गुरे आणि पक्षी एकत्र नांदू शकत नाहीत, गुरे बाहेर काढली पाहिजेत, असे त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या भरतपुरात चराई बंद झाली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. मग म्हशी नसलेल्या पाण्यात गवत माजू लागले. ते इतके दाटले की बदकांना पोहावयास मोकळे पाणी उरेना. सोसायटीनेच दहा वर्षे चालविलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्वदीच्या आरंभी बाहेर आला : म्हशी त्या दलदलीच्या वैरी नव्हत्या, गवत खाऊन त्याच पाणी मोकळे ठेवीत होत्या. सलीम अली १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, निवर्तले होते. त्यांची चूक दाखविली ती त्यांच्याच संस्थेने, त्यांच्याच पद्धतीने, रोज पाहून आणि लिहून. मेलेली माणसे मात्र त्या अहवालाने परत आली नाहीत. सैबेरियाचे क्रौंचही २००२ नंतर भरतपूरला आले नाहीत. त्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच सीमेपलीकडची.

हे आम्ही सलीम अलींना लहान करण्यासाठी सांगत नाही. आमची तळीही केवलादेवसारखी माणसांनी बांधलेली आहेत, म्हणून सांगतो. करमळीचे तळे म्हणजे गावाने बांध घालून अडविलेले पाणी. ते अडविले शेतासाठी, बदकांसाठी नव्हे. कुडचड्याजवळच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, गोव्यातले पहिले. त्याच्याही पाण्यावर खालची भातशेती पोसली जाते. पाणी कधी अडवावे, कधी सोडावे, वायंगण केव्हा लावावे, हे ठरविणारी गावकारीची व्यवस्था होती. चिखल उघडा पडे तेव्हा चिखलातले पक्षी येत, पाणी भरे तेव्हा बदके येत. आज शेते पडीक पडत आहेत, पाण्याचा निर्णय कोणाचा हे धड कोणाला ठाऊक नाही, आणि तळे वाचवायचे म्हटले की कुंपण, बंदी आणि काठाकाठाने फरशीची पायवाट, एवढेच सुचते. शेतकऱ्याची गुरे आणि मासे पकडणारा गावकरी हे त्या योजनेत अडथळा म्हणून येतात. भरतपूरनेही असेच मानले होते.

आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ सालीच सुरू झाली आणि दर जानेवारीत ती होते. आमच्या तळ्यांवरही हौशी मंडळी थंडीत कुडकुडत पक्षी मोजतात. त्यांच्या वहीत पक्ष्यांच्या आकड्यांशेजारी आणखी काही रकाने हवेत : तळ्याचे पाणी यंदा कोणत्या आठवड्यात सोडले, कोणाच्या सांगण्यावरून सोडले, खाली वायंगण किती लागले, गुरे उतरली की नाही, कमळ आणि गवत किती पसरले. हे रकाने भरण्यास बांधावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारावे लागेल. वन खात्याने आणि कोमुनिदादीने या जानेवारीपासून एकत्र बसून ते भरावयास घ्यावेत.