वर्सायच्या दरबारात म्हैसूरचे वकील : टिपू सुलतान आणि फ्रान्सची दोस्ती

शेर-ए-म्हैसूर टिपू सुलतान यांच्याबद्दल आपल्या घराघरांत दोन गोष्टी हमखास माहीत असतात. एक त्यांची तलवार आणि दुसरी ४ मे १७९९ ची शहादत. वाघाचं ते प्रसिद्ध वाक्य तर दरवर्षी पोस्टरवर झळकतं. पण याच सुलतानाचे तीन वकील, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत, १७८८ साली फ्रान्सच्या बादशहासमोर वर्सायच्या राजवाड्यात उभे होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आज दोन देशांच्या सामरिक भागीदारीच्या बातम्या रोज येतात. तशी भागीदारी सव्वादोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका सुलतानाने युरोपातल्या एका मोठ्या सत्तेशी करून पाहिली. ती का फसली, ते समजून घ्यायला हवं.

टिपूंचा जन्म १७५० च्या सुमारास देवनहळ्ळीचा. वालिद हैदर अली हे फौजेतल्या साध्या हुद्द्यावरून वर चढत म्हैसूरचे मालक झालेले. स्वतः लिहिता-वाचता येत नसलं तरी मुलाच्या तालमीत त्यांनी कसूर ठेवली नाही. फारसी, कन्नड, दीन, घोडेस्वारी, तोफा या सगळ्यांचे उस्ताद ठेवले. फ्रेंच लोक टिपूंनी लहानपणापासून पाहिले, कारण हैदर अलींच्या फौजेत फ्रेंच अधिकारी आणि गोलंदाज होते. यात त्या काळी नवल काही नव्हतं. निजामाकडे रेमों होता, शिंद्यांकडे द बॉयन आणि नंतर पेरों. पण ही झाली पगारी माणसं. टिपूंना हवा होता करार, सरकार ते सरकार.

मलबार किनाऱ्यावर माहे नावाचं छोटं फ्रेंच बंदर होतं. म्हैसूरला बंदुका आणि दारूगोळा तिथून यायचा. १७७९ मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं, हैदर अली खवळले आणि पुढच्या वर्षी युद्ध पेटलं. १० सप्टेंबर १७८० ला पोल्लिलूर इथे कर्नल बेलीची इंग्रज फौज पार बुडाली. त्या लढाईत टिपू आघाडीवर होते, लोखंडी नळ्यांचे म्हैसुरी अग्निबाणही सुटले आणि फ्रेंच पथकही सोबत होतं.

पण डिसेंबर १७८२ मध्ये हैदर अलींचा इंतेकाल झाला. टिपू तेव्हा मलबारच्या मोहिमेवर होते. धावत येऊन त्यांनी गादी सांभाळली. पुढच्या उन्हाळ्यात मंगळूरच्या किल्ल्याला वेढा पडला. फ्रेंच तुकडी टिपूंच्या बाजूने लढत होती, किल्ला पडायच्या बेतात होता आणि तेवढ्यात युरोपातून खबर आली की फ्रान्स आणि इंग्लंडची सुलह झाली आहे. फ्रेंचांनी तिथल्या तिथे हत्यार खाली ठेवलं. ज्याच्या भरवशावर मोर्चे लावले, तो दोस्त भर वेढ्यात बाजूला सरला. त्याने टिपूंना विचारलंही नव्हतं. सुलतान संतापले, पण हटले नाहीत. जानेवारी १७८४ च्या अखेरीस त्यांनी किल्ला घेतलाच आणि मार्चमध्ये मंगळूरचा तह बरोबरीच्या नात्याने झाला. अशा बरोबरीने इंग्रजांनी त्यानंतर फार कमी हिंदी राजांशी तह केले.

इतका कडवा अनुभव आल्यावरही ते पुन्हा फ्रान्सकडे का वळले? आजूबाजूला पाहिलं की उत्तर मिळतं. निजाम सोबत नव्हता. पुण्याशी एक लढाई नुकतीच संपून एप्रिल १७८७ मध्ये गजेंद्रगडचा तह झाला होता. इस्तंबूलला उस्मानी खलिफाकडे मोठं शिष्टमंडळ १७८६ मध्ये पाठवलं होतं. त्यातली शेकडो माणसं वाटेत आणि परदेशात साथीच्या रोगाने गेली आणि हाती फौजेची मदत काही आली नाही. उरला फ्रान्स.

जुलै १७८७ मध्ये मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान हे पाँडिचेरीहून जहाजात बसले. मॉरिशस करत, आफ्रिकेला वळसा घालून ते जून १७८८ मध्ये तूलोंला उतरले. म्हणजे जवळपास एक साल पाण्यावर. पॅरिसमध्ये त्यांना बघायला रस्त्यांवर गर्दी लोटली. मादाम व्हिजे-लब्रन या नामांकित चित्रकार बाईंनी दरवेश खान यांचं उभं चित्र काढलं. मलमलीचा पांढरा झगा, कमरेला तलवार, रोखलेली नजर. ते चित्र आजही शिल्लक आहे.

१० ऑगस्टला सोळाव्या लुईने दरबार भरवला. मागणी दोन प्रकारची होती. पहिली फौजेची : हजारो फ्रेंच शिपाई, खर्च म्हैसूरचा आणि हुकूमही सुलतानाचा. ही अट महत्त्वाची आहे. मंगळूरचा धडा टिपू विसरले नव्हते, त्यांना परक्याच्या हुकुमावर थांबणारी फौज नको होती. दुसरी मागणी कारागिरांची. तोफा ओतणारे, बंदुका घडवणारे, काच आणि चिनी माती करणारे, घड्याळजी, शिवाय झाडांची रोपं आणि बिया. मला विचाराल तर दुसऱ्या मागणीत टिपू जास्त दिसतात. रेशमाचे किडे मागवून म्हैसुरात रेशीम उभं करणारा हाच माणूस.

लुईकडे पैसा नव्हता, घरातच असंतोष होता आणि इंग्रजांशी त्याला नवी लढाई नको होती. फौज मिळाली नाही. काही कारागीर, बिया आणि सेव्हरची नाजूक भांडी घेऊन वकील १७८९ च्या उन्हाळ्यात परतले. त्याच जुलैत पॅरिसमध्ये बास्तीय पडला.

डिसेंबर १७८९ मध्ये टिपूंनी त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. ही त्यांची मोठी चूक. इंग्रजांना निमित्त मिळालं आणि पुणे व निजाम त्यांच्याबरोबर आले. आपल्याकडचे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन याच मोहिमेत होते. मार्च १७९२ च्या तहात निम्मा मुलूख गेला, ३ कोटी ३० लाखांचा दंड बसला आणि दोन कोवळी मुलं ओलीस द्यावी लागली. फ्रान्सकडून एक तुकडीही आली नाही. सुलतानाला दूर समुद्रापलीकडच्या दोस्तापेक्षा शेजारच्या पुण्याची जास्त गरज होती, असं मला वाटतं. पुण्यालाही त्यांची होती, हे १८०२ च्या वसईच्या तहानंतर पुण्याला कळलं असेल. दोष एकट्या पुण्याचा नाही. कोडगू आणि मलबारमधल्या टिपूंच्या कडक मोहिमांची आठवण तिथले लोक अजून काढतात आणि शेजाऱ्यांचा विश्वास अशाने वाढत नाही.

शेवटचा अध्याय मॉरिशसचा. तिथे टिपूंनी गुपचूप दोन वकील पाठवले. पण गव्हर्नर मालार्तिकने ३० जानेवारी १७९८ ला जाहीरनामाच लावला : टिपूंना इंग्रजांविरुद्ध मदत हवी आहे, स्वयंसेवकांनी पुढे यावं. गुपित चव्हाट्यावर आलं आणि माणसं मिळाली जेमतेम शंभर! तो कागद जूनमध्ये कलकत्त्याला नव्या गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हाती पडला. त्याला असंच काहीतरी हवं होतं.

तिकडे नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, पण त्याचं आरमार नेल्सनने जाळलं. इंग्रजांनी उस्मानी सुलतान तिसरा सलीम याच्याकडूनही टिपूंना फ्रेंचांपासून दूर राहण्याचं पत्र लिहवून घेतलं. जानेवारी १७९९ मध्ये नेपोलियनने कैरोहून टिपूंना खत लिहिलं. ते जिद्दाला इंग्रजांच्या हाती लागलं आणि सुलतानापर्यंत पोचलंच नाही.

४ मेच्या दुपारी श्रीरंगपट्टणच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. टिपू जेवण अर्धं टाकून उठले आणि संध्याकाळी त्यांचा मृतदेह दरवाज्याजवळच्या ढिगाऱ्यात सापडला. दुसऱ्या दिवशी गुंबजमध्ये वालिद आणि वालिदांच्या शेजारी... आई फातिमा फख्रुन्निसा यांच्याही शेजारी त्यांना दफन केलं. राजवाड्यातले फ्रान्सशी झालेले पत्रव्यवहाराचे कागद वेलस्लीच्या सरकारने गोळा केले आणि चढाई कशी रास्त होती हे दाखवायला त्याच वर्षी छापून काढले.

मुलाबाळांना वेल्लोरला ठेवलं. १८०६ च्या तिथल्या बंडानंतर सगळं कुटुंब कलकत्त्याला हलवलं गेलं. धर्मतल्ल्याची टिपू सुलतान मशीद त्यांच्या धाकट्या मुलाने, गुलाम मुहम्मद यांनी, १८४२ मध्ये बांधली.