ट्रॅक्टरवाल्याची स्पोर्ट्‌स कार

हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर फेरी मारा, एका तरी खोलीत लॅम्बोर्गिनीचं पोस्टर असतंच. मेकॅनिकलवाल्यांकडे तर हमखास. पण ज्या माणसाचं आडनाव त्या गाडीवर आहे, तो शेतकऱ्याचा मुलगा होता आणि गाड्या बनवायच्या आधी पंधरा वर्षं ट्रॅक्टर बनवत होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. मित्रहो, मला विचाराल तर त्या पोस्टरपेक्षा ही गोष्ट जास्त भारी आहे.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी उत्तर इटलीतल्या रेनाझ्झो या गावी झाला. घरी द्राक्षाची शेती. पण पोराचं लक्ष द्राक्षांपेक्षा शेतातल्या यंत्रांकडे जास्त. शेवटी घरच्यांनी त्यांना बोलोन्या शहराजवळ तांत्रिक शिक्षणाला घातलं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ते इटलीच्या हवाई दलात भरती झाले आणि त्यांची रवानगी ऱ्होड्‌स बेटावर झाली. काम काय, तर लष्करी वाहनं चालू ठेवायची. बेटावर युद्धाच्या काळात स्पेअर पार्ट कुठून येणार? जे हाताशी आहे त्यातूनच गाडी सुरू करायची. माझ्या मते त्यांची खरी डिग्री इथेच झाली. पुढे ते ब्रिटिशांचे युद्धकैदी झाले आणि १९४६ मध्ये घरी परतले.

परत आले तेव्हा इटली मोडून पडली होती. शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवे होते, पण परवडत नव्हते. दुसरीकडे लष्कराने टाकून दिलेले ट्रक, इंजिनं, गिअरबॉक्स यांचे ढीग पडलेले. फेरुच्चोंनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. जुन्या मॉरिस ट्रकची इंजिनं घेऊन त्यांनी ट्रॅक्टर बनवला, त्याचं नाव कारिओका. इटलीत पेट्रोल महाग होतं, म्हणून त्यांनी एक खास जोडणी बसवली. ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन गरम झालं की स्वस्त डिझेलवर टाकायचा! १९४८ मध्ये त्यांनी ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्याआधीच, १९४७ मध्ये, मुलगा तोनिनो याच्या जन्माच्या वेळी पत्नी क्लेलिया हिचा मृत्यू झाला होता. घरात तान्हं मूल आणि हातात नवा धंदा, अशी ती सुरुवात होती.

त्याच १९४८ साली त्यांनी स्वतः सुधारलेली छोटी फियाट तोपोलिनो घेऊन मिल्ले मिल्या या प्रसिद्ध रेसमध्ये भाग घेतला. सुमारे ११०० किलोमीटरनंतर गाडी रस्त्याकडेच्या हॉटेलच्या भिंतीत घुसली आणि रेस संपली. त्यानंतर रेसिंगचं नाव त्यांनी कायमचं टाकलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ट्रॅक्टरचा धंदा मात्र जोरात चालला. नंतर हीटिंगचे बर्नर आणि एअर कंडिशनर यांचाही कारखाना झाला. पैसा आला तशा गाड्या आल्या. १९५८ मध्ये त्यांनी फेरारी २५० जीटी घेतली. लांब बॉनेट, दोन दारं, मागे उतरत गेलेलं छत आणि पुढे बारा सिलिंडरचं इंजिन. इटालियन कूपे म्हणतात ती हीच. कुणीही प्रेमात पडेल.

पण फेरुच्चो प्रेमात पडले तरी मेकॅनिकच राहिले. गाडी आवाज फार करते, आतलं काम कच्चं आहे आणि मुख्य म्हणजे क्लच सारखा जातो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. दर वेळी गाडी मारानेल्लोला फेरारीच्या कारखान्यात न्यायची, तिथे ती आत जाणार आणि मालकाने तासन्‌तास बाहेर बसायचं. आत काय केलं ते कुणी सांगायचं नाही. शेवटी त्यांनी आपल्याच ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये गाडी उघडली. पुढे त्यांनी सांगितल्याप्रमाणे, आत जो क्लच निघाला तो त्यांच्या एका ट्रॅक्टरमध्ये बसवत होते तोच होता, फक्त फेरारी त्याचे कितीतरी पट पैसे घेत होती. ते थेट एन्झो फेरारींकडे गेले आणि एन्झोंनी त्यांना ट्रॅक्टरवाला म्हणून उडवून लावलं, असा किस्सा ते शेवटपर्यंत सांगत.

हा किस्सा नेहमी अपमान आणि बदला असा फिल्मी पद्धतीने सांगितला जातो. मला वाटतं त्यातला क्लच जास्त महत्त्वाचा आहे. एवढी महाग आणि सुंदर गाडी सांभाळणं मालकाला डोकेदुखी का व्हावी, हा इंजिनिअरचा प्रश्न होता आणि उत्तर म्हणून त्यांनी कारखानाच काढला.

१९६३ मध्ये बोलोन्या आणि मोदेना यांच्या मधल्या सांत'आगाता बोलोन्येझे या गावी कारखाना उभा राहिला. इंजिनासाठी त्यांनी जोत्तो बिझ्झारिनी यांना गाठलं, जे आधी फेरारीतच होते. त्यांनी साडेतीन लिटरचं व्ही-१२ इंजिन बनवलं, ते जवळजवळ रेसिंगचंच. पण फेरुच्चोंना रोज चालवता येईल अशी गाडी हवी होती. पहिला नमुना त्याच वर्षी तोरिनोच्या मोटर शोमध्ये ठेवला तेव्हा इंजिन बॉनेटखाली मावतच नव्हतं. आत इंजिनाऐवजी वजन ठेवून बॉनेट बंद ठेवावं लागलं! (आपल्या प्रोजेक्ट प्रदर्शनात आपणही याहून वेगळं काय करतो?) नंतर जान पाओलो दाल्लारा या तरुण इंजिनिअरने ते इंजिन रस्त्यासाठी शांत केलं. ड्राय संपच्या जागी साधा संप आला, उभे कार्बोरेटर जाऊन आडवे आले आणि बॉनेट खाली बसलं. १९६४ मध्ये ३५० जीटी बाजारात आली. वेगवान, पण गुळगुळीत आणि समजूतदार. मालकाला हवी होती तशीच.

आता खरी गंमत. दाल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि न्यूझीलंडहून आलेला टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस, तिघंही तिशीच्या आतले. त्यांना रेसिंग करायचं होतं, मालकाला नव्हतं. मग कामाच्या वेळेबाहेर त्यांनी एक चासी आखली. व्ही-१२ इंजिन सीटच्या मागे आणि तेही आडवं! जागा वाचवण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कास्टिंगमध्ये, तेलही दोघांना एकच. ही युक्ती त्या काळच्या छोट्या मिनी गाडीत होती. फेरुच्चोंना वाटलं, विकली जाणार नाही, पण जाहिरात तरी होईल. त्यांनी होकार दिला. बेर्तोनेमधल्या मार्चेल्लो गांदिनी या २७ वर्षांच्या डिझायनरने तिला रूप दिलं आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात म्युरा जगासमोर आली. नाव स्पेनमधल्या झुंजीचे बैल पाळणाऱ्या घराण्याचं, कारण फेरुच्चोंची रास वृषभ. ऑर्डरींचा पाऊस पडला. १९७३ पर्यंत साडेसातशेच्या वर म्युरा बनल्या.

म्युरा दिसायला अशी की बघणारा थांबतोच. उंची जेमतेम एक मीटरच्या वर, ताशी सुमारे २८० किलोमीटर वेग. पण सांभाळायला? बारा सिलिंडरना चार कार्बोरेटर, प्रत्येकात तीन नळ्या. या बाराही नळ्यांतून हवा सारखी गेली पाहिजे, नाहीतर इंजिन अडखळतं. बुलेटचा एक कार्बोरेटर ट्यून करताना मेकॅनिक कसा कान लावून बसायचा ते आठवा आणि त्याला बाराने गुणा. व्हॉल्व्हचा क्लिअरन्स शिम बदलून ठेवायचा. गिअरबॉक्समध्ये झिजलेल्या धातूचा कीस त्याच तेलातून इंजिनात जाणार, म्हणून तेलावर सतत लक्ष. हा दोष इतका जाणवला की शेवटच्या काही गाड्यांमध्ये दोन्हींचं तेल वेगळं केलं. ट्रॅफिकमध्ये गाडी बराच वेळ जागेवर सुरू राहिली तर कार्बोरेटरजवळ पेट्रोल साचून आग लागायचा धोका आणि अशा जळालेल्या म्युराही आहेत. पेट्रोलची टाकी पुढे, त्यामुळे ती रिकामी होत गेली की वेगात पुढची बाजू हलकी पडते. शिवाय मधला सांगाडा पोलादी, त्याला गंज.

म्हणजे ज्या माणसाने सांभाळायला सोपी गाडी हवी म्हणून कारखाना काढला, त्याच्याच कारखान्यात सांभाळायला सर्वांत अवघड गाडी जन्मली आणि जगाने डोक्यावर घेतली तीच. त्यांना स्वतःला मात्र १९७० ची जारामा जास्त पसंत होती. पुढे इंजिन असलेली, साधी सरळ कूपे. तिचं पोस्टर कुणी लावत नाही!

पुढचे दिवस वाईट होते. बोलिव्हियाची ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द झाली आणि पैसा अडकला. १९७२ मध्ये फेरुच्चोंनी गाड्यांच्या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा विकला, १९७३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी सामे या कंपनीकडे गेली आणि १९७४ मध्ये गाड्यांमधला उरलेला हिस्साही. स्वतःचं नाव लावलेला कारखाना सोडून ते मध्य इटलीत त्रासिमेनो तळ्याजवळ जाऊन राहिले आणि वडिलांसारखी द्राक्षं लावली. तिथल्या वाइनला त्यांनी नाव दिलं म्युराचं रक्त! २० फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

कंपनी नंतर दिवाळखोरीत गेली, हातोहात फिरली आणि १९९८ मध्ये आउडीकडे आली. मात्र १९६३ च्या त्या व्ही-१२ इंजिनाचा वंश सुधारत सुधारत २०१० पर्यंत चालला. आणि २०१५ पासून जुन्या गाड्या दुरुस्त करणं आणि त्यांचे पार्ट पुरवणं यासाठी सांत'आगाताच्या कारखान्यात वेगळा विभाग आहे. म्युराचा मालक आज आपली गाडी तिथे घेऊन जाऊ शकतो.

आपण सगळे डिझाइनच्या मागे असतो, मेंटेनन्स हा विषय फक्त पास होण्यापुरता. पण पन्नास-साठ वर्षांची म्युरा आज रस्त्यावर धावते, ती गांदिनीच्या रेषांमुळे जेवढी, तेवढीच कुणीतरी दर वर्षी ते बारा कार्बोरेटरचे गळे जुळवतो म्हणून. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांना हे ऱ्होड्‌सच्या वर्कशॉपमध्येच कळलं होतं. पुढच्या वेळी वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला कंटाळा आला, तर त्या क्लचची आठवण जरूर ठेवा!