समजून घ्या : हेल्मेटची सक्ती आली कुठून?

कन्हानहून रामटेकच्या टेकड्यांकडे सायकल दामटणाऱ्यांच्या डोक्यावरील हेल्मेटमागे एका डॉक्टरचे आयुष्य आहे.

कोण होते केर्न्स?
ह्यू केर्न्स यांचा जन्म १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. पुढे ते ब्रिटनमधील नामवंत मेंदू शल्यचिकित्सक झाले.

कलाटणी कशी मिळाली?
मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. उपचारांसाठी आलेल्या डॉक्टरांत केर्न्स होते. सहा दिवसांनी लॉरेन्स दगावले.

पुढे काय झाले?
केर्न्स यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती अभ्यासून १९४१ मध्ये निष्कर्ष मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने त्यांच्यासाठी हेल्मेट सक्तीचे केले. युद्धकाळात त्यांनी मेंदू शस्त्रक्रियेची फिरती पथकेही उभारली. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना सक्ती झाली ती १९७३ मध्ये.

सायकलस्वारांनी काय करावे?
आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ची सक्ती सायकलला नाही, निर्णय स्वतःचाच. साथीदार पडल्यास मान हलवू नका, श्वास नीट असेल तर हेल्मेट ओढू नका, वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ वर फोन करा. आदळलेले हेल्मेट मात्र बदलाच.