दगड वाचणारे शिक्षक : स्टीफन हिस्लॉप

विद्यार्थी मित्रांनो, वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरी लागते, हे तुम्हांस ठाऊक आहे. पण या बोरीच्या वाटेवरील एका ओढ्यात १८६३ साली एक शिक्षक वाहून गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे स्टीफन हिस्लॉप.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, आणि त्याविषयी आपले मत वेगळे असणारच. परंतु इल्म जेथे मिळेल तेथून घ्यावे, या भावनेने त्यांचे जीवन पाहावयास हवे.

शाळेचे काम सांभाळून ते आसपासचे दगड पाहत हिंडत. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगडात रुतलेले शंख आढळले. ते समुद्रातील नव्हते, तर गोड्या पाण्यातील गोगलगायींचे होते. काळ्या खडकांच्या थरांमध्ये तळ्यातील गोगलगाय कशी आली? आजचे भूशास्त्र सांगते की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा थांबून थांबून वाहत होता. दोन लोटांच्या मधल्या काळात थंड खडकावर तळी साचली, झाडे उगवली, जीव नांदले. पुढच्या लोटाने ते सारे झाकून टाकले. तळ्यातील गाळाचा दगड झाला आणि त्यात शंख, फळे, बिया तशाच राहिल्या. हिस्लॉप व हंटर यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

आपल्या समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर सापडणारे गोल दगड तुम्ही पाहिले असतील. शेख फरीद बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी लोककथा घरोघरी सांगतात. गर्व करू नये, हा तिचा बोध. त्याच दगडाचा दुसरा पाठ भूशास्त्रात आहे. लाव्हा थंड होताना बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, पाण्यातून आलेली झिओलाइट खनिजे त्यांत साचतात आणि भोवतालचा खडक झिजला की हे गोळे सुटे होतात. मुलांनी हे दोन्ही पाठ शिकावेत.

हिस्लॉप यांना प्राचीन माणसाच्या इतिहासाचीही ओढ होती. बोरीजवळच्या टाकळघाट येथे मोठ्या शिळांची वर्तुळे आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते ती पाहावयास गेले. इतर मंडळी परतली, हिस्लॉप मात्र तेथील शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. परतताना पुराने फुगलेला ओढा ओलांडत असता ते बुडाले. घोडा तेवढा एकटाच मुक्कामी आला. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते.

आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. टाकळघाटला मात्र १०५ वर्षे वाट पाहावी लागली. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले, आणि लोखंड वापरणाऱ्या, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची वस्ती व दफने उजेडात आली.

पालकहो, विदर्भातील अशी किती तरी वर्तुळे नांगराखाली आणि गिट्टीच्या खाणीत नाहीशी झाली, कारण ती ओळखणारे कोणी गावात नव्हते. म्हणून मुलाच्या किंवा मुलीच्या दप्तरात दगड निघाला तर रागावू नका. तो कोठे मिळाला ते विचारा; गावाचे नाव व तारीख कागदावर लिहून दगडाबरोबर ठेवावयास सांगा. शिळावर्तुळातील वस्तूला मात्र हात लावू देऊ नका. ती दिसल्यास शिक्षकांना कळवा. आपल्या पायाखालची जमीन हेही एक पुस्तकच आहे. ते आपल्या मुलांना वाचता आले पाहिजे.