विश्लेषण : इंजिन स्वतः घडवायचे की तयार बसवायचे? शंतनुराव किर्लोस्करांनी काय निवडले?

महाडहून भोरकडे येताना वरंधा घाटात जुनी जीप दुसऱ्या गिअरवर येते, काळा धूर सोडते आणि मालकाच्या डोक्यात टर्बोचा विचार घोळू लागतो. भोर असो की राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुका, मेकॅनिककडून साधारण दोनच सल्ले मिळतात. एक, आहे ते इंजिन उघडा, आतून मजबूत करा आणि त्यावर टर्बो चढवा. दोन, कारखान्यातूनच टर्बोसह आलेले तयार इंजिन आणून बसवा. हाच पेच पुण्यातल्या एका उद्योजकापुढे देशाच्या पातळीवर उभा राहिला होता. त्यांचे नाव शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

आधी टर्बो काय करतो ते पाहू

इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम आणि वेगवान असतो. ती ऊर्जा एरवी सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोत हा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी 1905 मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

गोम पुढे आहे. ताकद वाढली की सिलिंडरमधला दाब आणि उष्णताही वाढते. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेड गॅस्केट हे सारे जुन्या दाबासाठी बनलेले असते. टर्बोच्या दांड्याला सतत स्वच्छ तेल लागते, रेडिएटरवर भार वाढतो. म्हणून नुसता टर्बो जोडून भागत नाही. कारखान्यातून येणाऱ्या टर्बो इंजिनात बहुधा कॉम्प्रेशनचे प्रमाण, पिस्टन थंड ठेवणारी तेलाची धार, इंजेक्शन पंपाची जुळणी हे आधीच साधलेले असते. गॅरेजमध्ये ते एकेक करून साधावे लागते आणि एक दुवा कच्चा राहिला तर सगळा खर्च पाण्यात जातो.

सोलापूर ते मॅसॅच्युसेट्स

शंतनुरावांचा जन्म 28 मे 1903 रोजी सोलापुरात झाला. वडील लक्ष्मणराव बेळगावात सायकलींचे दुकान चालवत, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. 1910 मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. भोरचे पंतसचिव आणि औंधचे पंतप्रतिनिधी, दोन्ही संस्थाने पेशवाईच्या आधीपासूनची. पण कारखान्यावर पैसा लावणारा राजा औंधला भेटला, हेही नोंदवायला हवे.

मुलगा अमेरिकेला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला आणि 1926 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतला. त्याच्यासमोर नांगर, पंप आणि ओतकामाची भट्टी होती. 1941 मध्ये हरिहरला यंत्रे बनवणारी यंत्रे, म्हणजे लेथ वगैरे, बनवण्याचा कारखाना निघाला. ही पायरी महत्त्वाची होती, कारण क्रँकशाफ्ट अचूक कातता येत नसेल तर इंजिनाच्या गप्पा व्यर्थ असतात.

1946 चा निर्णय

पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली ती 1946 मध्ये. त्या काळी शेतीपंपाची इंजिने बव्हंशी ब्रिटनमधून येत. शंतनुरावांनी कोऱ्या कागदावरून इंजिन आखण्याचा हट्ट धरला नाही. ब्रिटिश इंजिन उद्योगाशी तांत्रिक सहकार्य केले आणि बनवण्याचे काम इथे सुरू केले. पुढे दोनच वर्षांत, गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. तोही पुन्हा उभा राहिला.

वीज पोहोचण्याआधी गावोगावच्या विहिरी आणि पिठाच्या गिरण्या अशाच छोट्या डिझेल इंजिनांवर चालल्या. कंपनीचे 5 हॉर्सपॉवरचे, मिनिटाला 1500 फेरे घेणारे एक सिलिंडरचे इंजिन अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आजही दिसते. मेकॅनिकलच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याच्यावरच हात काळे केले आहेत.

या इंजिनावर टर्बो का नाही? चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमधून दर दोन फेऱ्यांत एकदाच धुराचा झोत येतो. मध्ये बराच वेळ काहीच नाही. टर्बोचे चक्र एकसारखे फिरत राहायला चार-सहा सिलिंडरांचा सलग झोत बरा. शेतकऱ्याला तर हॉर्सपॉवरपेक्षा तालुक्याच्या गावी मिळणारा सुटा भाग आणि साधी दुरुस्ती मोलाची.

मोठ्या इंजिनाला दुसरे उत्तर

धरणे, खाणी, रस्ते यांच्या कामाला मोठी इंजिने हवी होती. तिथे टर्बोला पर्याय नव्हता आणि तिथेच शंतनुरावांनी वेगळा हिशेब मांडला. टर्बोची चक्रे मिनिटाला हजारो फेरे घेतात, तीही तापलेल्या धुरात. त्यासाठीचा धातू, बेअरिंग, इंधन पंप हे सारे स्वतः विकसित करायचे तर वर्षे गेली असती. परकीय चलनाची टंचाई होतीच.

अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीने हा रस्ता आधी तुडवला होता. 1952 मध्ये इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत तिची टर्बो डिझेल गाडी सर्वांत वेगवान ठरून पहिल्या जागेवरून सुटली. मात्र 71 व्या फेरीत ती बाद झाली, कारण टर्बोच्या हवेच्या तोंडाशी ट्रॅकवरचा कचरा अडकला. एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येक जीपमालकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

1962 मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली. निम्मी मालकी अमेरिकी कंपनीची होती. इंजिन सिद्ध झालेले, आराखडा त्यांचा, जागा आणि कामगार इथले. 1965 मध्ये शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले.

मग जीपवाल्याने काय करावे?

गॅरेजचा आणि कारखान्याचा हिशेब सारखा नसतो, पण प्रश्न तेच राहतात. सुटे भाग कुठे मिळणार? दाब वाढल्यावर आधी काय तुटेल? बिघाड झाला तर जबाबदार कोण? रोज घाट चढणाऱ्या गाडीला तयार टर्बो इंजिन बहुधा परवडते. मात्र त्यासोबत गिअरबॉक्स, क्लच, कूलिंग आणि ब्रेकही तपासावे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनमानी बदल चालत नाहीत. इंजिन बदलल्यास 14 दिवसांत आरटीओला कळवावे लागते. जुने इंजिन घडवण्याचा मार्ग मूळ ब्लॉक धडधाकट असेल, हाताशी खरा जाणकार असेल आणि गाडी महिना-दोन महिने उभी ठेवता येत असेल तेव्हाच धरावा.

तयार इंजिनाची एक किंमत मात्र बिलात दिसत नाही. आराखडा दुसऱ्याचा असतो. शंतनुराव 24 एप्रिल 1994 रोजी गेले. त्यानंतर काही वर्षांतच किर्लोस्कर समूह कमिन्सच्या भागीदारीतून बाहेर पडला आणि कंपनीच्या नावातून किर्लोस्कर हा शब्द गेला. पंपाच्या इंजिनांपासून सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स मात्र समूहाकडेच राहिली. आज जनरेटरच्या बाजारात या दोन्ही पुणेकर कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत.